होल्डवर ठेवलेली उत्तरं

माझी सून वकील झालेली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर आमच्या बदलापुरात, कात्रपमध्ये बातमी फिरायला वेळ लागत नाही, उद्या कोणीतरी सोसायटीच्या पार्किंगची फाईल घेऊन दारात उभं राहील. वकील व्हायचं तर आधी तीन वर्षं कॉलेज. त्या कॉलेजात पाय ठेवायच्या आधी एक परीक्षा द्यावी लागते, तिला सीईटी म्हणतात, आणि त्या सीईटीने यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या घराला जे काही नाचवलं ते मी सांगतेय. मी गयाबाई, संजीवनीची सासू. सासू सुनेबद्दल बोलायला बसली की लोक खुर्ची पुढे ओढतात, पण तुमची निराशा होणार.

संजीवनी आनंदनगर एमआयडीसीत कामाला आहे, इंजेक्शनच्या बाटल्या भरतात त्या कंपनीत. तिचं काम बघण्याचं. अक्षरशः बघण्याचं. समोर अर्धा काळा, अर्धा पांढरा बोर्ड, वर ट्यूबलाईट, आणि पट्ट्यावरून बाटली आली की ती हळूच उलटी करून डोळ्यांसमोर धरायची. आत काचेचा कण नाही ना, धागा नाही ना, झाकण नीट बसलंय ना. चांगली असेल तर पुढे, खराब असेल तर लाल डब्यात. आणि शंका आली, म्हणजे कण आहे की नुसता बुडबुडा आहे ते कळेना, तर बाजूला एक पिवळा ट्रे असतो त्यात ठेवायची. त्याला ते होल्ड म्हणतात. शिफ्ट संपायच्या आत होल्डमधली बाटली न् बाटली पुन्हा बघून काय ते ठरवायचं. राहून गेली तर ती पासमध्ये धरत नाहीत. लग्नाच्या आधीपासून ही बाई हेच करतेय, त्यामुळे स्वभावच तसा झालाय. भाजीवाल्याकडची भेंडीसुद्धा ती उजेडाकडे धरून बघते. तुम्ही तिला काही विचारलंत तर उत्तर यायला एवढा वेळ लागतो की काय विचारलं होतं ते आपणच विसरावं.

मला ते कधी खटकलं नाही. मी स्वतः उल्हासनगरला कॅम्पात जीन्सच्या कारखान्यात उभा जन्म काढला, आधी धागे कापायला, नंतर चेकिंगला. आमचा सिंधी सेठ फार तोंडाळ. शिलाई जरा वाकडी दिसली की तो पीस आल्टरच्या ढिगात टाकायचा. दुरुस्त होऊन आला तर मालात धरणार, नाही आला तर तुमचं नशीब. डोळे फोडून काम करणाऱ्या बायकांना एकमेकींचं बरोबर कळतं, म्हणून आम्हा दोघींचं जमतं. भांडतो पण जमतं.

आता हिला वकील कशाला व्हायचंय ते सांगते. हिचे वडील हरिचंद्र अंबरनाथला एका कारखान्यात होते. तो कारखाना एक दिवस गेटला कुलूप लावून बंद झाला आणि कामगारांनी केस केली. त्यांचा वकील कधी तारखेला यायचा, कधी नाही यायचा, आणि आला तरी इंग्रजीत काय बोलून निघून जायचा ते ह्यांना कळायचं नाही. मग हरिचंद्र शाळेत जाणाऱ्या संजीवनीला बरोबर न्यायचे, पोरगी इंग्रजी वाचते म्हणून. तिला तरी काय कळणार? बापलेक कोर्टाच्या बाकावर बसून डबा खायचे आणि परत यायचे. ते वारले तेव्हाही केस चालूच होती. ही गोष्ट ती कोणाला फारशी सांगत नाही. मलाच मुळी माझी नात पायल शाळेत जायला लागल्यावर कळली, आणि पायल आता नववीत आहे.

लग्नानंतर संजीवनीने मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं तेव्हा मला वाटलं होतं, हौस होती, झाली. पण यंदा जानेवारीत जेवताना ती एकदम म्हणाली की आई, मी एलएलबीची परीक्षा देऊ का. मी काय समजायचं ते समजले. ही बाई विचारते तेव्हा तिचं ठरलेलं असतं. मी म्हटलं, दे की, माझी परवानगी कशाला पाहिजे, मी काय कॉलेजची प्रिन्सिपल आहे?

पण नेमकं त्याच सुमाराला कंपनीत वेगळंच निघालं. तिच्या खात्याच्या ऑफिसर हिमानी मॅडम. त्यांनी हिला सुपरवायझर करायचं ठरवलं. कायमची ऑर्डर, बसायला टेबल, हाताखाली मुली. फक्त शिफ्ट फिरती राहणार. आणि इकडे कॉलेज होतं सकाळचं. आमच्या आवाक्यातलं तेवढं एकच, अंबरनाथच्या बाजूचं. आत्ताच्या जागेवर पाळी मागून घेता येते, सकाळी कॉलेज करून ती दुपारच्या पाळीला कामावर जाऊ शकली असती. बाकीची कॉलेजं लांब, तिकडे जायचं तर नोकरी सोडून बसावं लागेल, ते आमच्यासारख्यांना जमत नाही. म्हणजे हिशोब सरळ होता. त्या एका कॉलेजात नंबर लागण्याएवढे मार्क पडले तर वकिली, नाहीतर सुपरवायझर. त्यात मॅडमना वरून विचारणा. त्यांनी सांगितलं की मे महिना संपायच्या आत हो की नाही ते कळव, तू नाही म्हणालीस तर मला दुसरीला घ्यावं लागेल. आणि सीईटीचा निकाल जूनमध्ये.

माझा मुलगा नरेंद्र जांभूळला पाणी शुद्ध करतात त्या केंद्रावर कामाला आहे, कंत्राटी. त्याने 'कायमची ऑर्डर' एवढेच शब्द ऐकले आणि त्याचा चेहरा उजळला. पण तो बायकोला नाही म्हणणाऱ्यातला नाही. तो म्हणाला, पेपर दे, कसा गेला ते तुझं तुला कळेलच, त्यावरून मॅडमना सांग. मला ते पटलं. संजीवनीने मान हलवली, आणि मार्च लागला तसा आमच्या घरात अभ्यास सुरू झाला.

क्लास लावायचा प्रश्नच नव्हता, क्लासच्या वेळा आणि हिच्या पाळ्या कुठे जुळायला. बुद्धविहारातल्या अभ्यासिकेतून तिने पुस्तकं आणली, थोडी रद्दीवाल्याकडून आणली, बाकीचं मोबाईलवर. सकाळची पाळी करून ती चारच्या सुमाराला यायची, चहा घ्यायची आणि आमच्या बिल्डिंगच्या जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर, गच्चीच्या दाराशी चटई टाकून बसायची. बदलापूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर वेगळं सांगायला नको. घरात पंखा गरम वारा फेकायचा आणि मध्येच लाईट जायची. तिथे जिन्यात निदान वाऱ्याची एखादी झुळूक यायची. स्वयंपाक मी ताब्यात घेतला. नळाचं पाणी भरायचं पायलकडे दिलं, तर कार्टी दोनदा टाकी वाहवून बसली.

इंग्रजी, तर्काची गणितं, चालू घडामोडी आणि कायदा असे विषय. कायद्याचं मला आवडायला लागलं. पायल प्रश्न विचारायची, संजीवनी उत्तर द्यायची आणि मी भाजी निवडता निवडता ऐकायची. मी चौथी शिकलेली, पण ऐकून ऐकून काही डोक्यात बसलंच. एखाद्याला कोंडून ठेवलं तर त्याला आमच्यापुढे हजर करा असं कोर्ट सांगू शकतं, त्याला एक भलंमोठं नाव आहे. मी ते नाव पाठ केलं आणि सोसायटीच्या वॉचमनने गच्चीच्या दाराची चावी दिली नाही तेव्हा त्याच्यावर वापरून बघितलं. त्याला वाटलं मी शिवी दिली. चावी मात्र दिली.

मेची सुरुवात म्हणजे लग्नं. माझ्या मावसबहिणीच्या, शालनच्या, धाकट्या मुलाचं लग्न परीक्षेच्या तोंडावर उल्हासनगरला आलं. संजीवनी म्हणाली, मी नाही येत. तिचं ठीक, पण मी शालनला तोंड कसं दाखवणार? मी ठोकून दिलं की सुनेला ताप आहे, फार अशक्तपणा आहे. झालं काय, शालन पडली प्रेमळ. लग्नाचा मांडव उतरायच्या आत ती शहाळी घेऊन बदलापूरला हजर. खाली गेटवरून तिचा आवाज आला आणि मी जिन्यात धावले. संजीवनीला पुस्तकासकट खाली ओढून आणलं आणि चादर घालून झोपवलं. शालनने कपाळाला हात लावला. उकाड्यात बसलेली बाई, कपाळ चांगलं तापलेलंच होतं. शालन म्हणाली, अगं बाई, अंगात भरलाय ताप. चादरीखाली ही हसून हलत होती आणि शालनला वाटत होतं थंडी वाजतेय.

पण हसण्यावारी नेत होते ते माझं चौदा एप्रिललाच थांबलं होतं, ते सांगायचं राहिलं. जयंतीला आमच्या विहारात पोरंपोरी सलग अठरा तास अभ्यासाला बसतात. बाबासाहेब तेवढा अभ्यास करायचे म्हणून त्यांना मानवंदना म्हणून. पहाटे वंदना झाली की सतरंज्या टाकतात आणि आपापली पुस्तकं उघडतात. बाहेर निळे झेंडे, ढोल, मिरवणुकीची तयारी, आणि आत टाचणी पडली तर ऐकू येईल. यंदा त्या पोरांत माझी सून जाऊन बसली. एका मुलाला वाटलं ह्या लक्ष ठेवायला आल्यात, त्याने बिचाऱ्याने गुपचूप मोबाईल खिशात टाकला.

मी दुपारी डबा घेऊन गेले. ती भिंतीला टेकलेली नव्हती, ताठ बसली होती. बाजूला डबा ठेवला तरी तिने मान वर केली नाही. आजूबाजूला सगळी तिच्या पोरीच्या वयाची, थोडी मोठी. मी तिथे मागे बसून राहिले. माझा नवरा सुदाम असाच त्या सतरंजीवर बसून पेपर वाचायचा, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. मला वाटायचं हिची ही पण एक हौस आहे, होईल, संपेल. तिची ती पाठ बघितली आणि मला कळलं. हिला हे पाहिजे आहे. आपण पोटभर जेवायला मागावं तसं पाहिजे आहे. त्या दिवसापासून मला रात्रीचं जेवण जाईना, कारण पाहिजे असलेलं माणसाला मिळतंच असं कुठे असतं.

त्याच दिवशी तिथे भावना भेटली. बी.कॉम. झालेली पोरगी, कल्याणला क्लासला जाते, तीच परीक्षा देत होती. फार चांगली. ती संजीवनीला म्हणाली, ताई, पेपर कंप्युटरवर असतो, माझ्या लॅपटॉपवर एकदा सराव करून बघा. संजीवनी म्हणाली येते. मग कंपनीत मालाची घाई निघाली, ओव्हरटाईम आला आणि ते राहिलं. ती कागदावरच पेपर सोडवत राहिली. जे येतं त्याला खूण, शंका असेल तिथे पेन्सिलीने गोल, आणि शेवटी सगळे गोल पुन्हा बघायचे. घरात कागदावर ते तिला मस्त जमायचं.

पेपर उल्हासनगरला होता, एका कंप्युटर सेंटरात. नरेंद्रची ड्युटी होती म्हणून मी बरोबर गेले. ती आत गेली आणि मी समोरच्या सिंधी मिठाईवाल्याच्या छपराखाली उभी राहिले. जुनी सवय, मी त्याच्याशी दोन शब्द सिंधीत बोलले, तर त्याने स्टूल दिलं आणि थादलचा, म्हणजे त्यांच्याकडच्या थंडाईचा, ग्लास पण दिला. शेजारी एक गृहस्थ लेकीसाठी थांबले होते. त्यांनी विचारलं, तुमचं कोण आत, नात का? मी म्हटलं, सून. त्यांनी लगेच बायकोला फोन करून ते सांगितलं.

पोरं बाहेर यायला लागली. भावना आली, हात हलवून पुढे गेली. सगळ्यात शेवटी संजीवनी आली. तिचा चेहरा बघून मी उठून तिला स्टूल दिलं. ती बसली, ग्लासभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "आई, होल्डमधले राहिले."

मला पुढचं सांगायची गरज नव्हती, तरी तिने सांगितलं. स्क्रीनवर एकेक प्रश्न येतो. जो नक्की येत होता त्याचं उत्तर दाबलं की तो हिरवा व्हायचा. जिथे शंका होती तिथे तिने जे बरं वाटलं ते उत्तर निवडून ठेवलं, पण पुन्हा बघायचं असं एक बटण होतं ते दाबलं, तो जांभळा झाला. म्हटलं, शेवटी येऊन सगळे जांभळे हिरवे करू. आता हिची शंका म्हणजे तुम्हाला सांगितलीच. तिसरा हिस्सा पेपर जांभळा करून ठेवला होता बाईने. मग पुन्हा पहिल्यापासून बघत आली, थोडे हिरवे केले, आणि वेळ संपली तशी स्क्रीन आपोआप बंद झाली. बाकीचे तसेच ट्रेमध्ये राहिले.

शहाण्या माणसाने इथे विचारलं असतं की अगं, उत्तर तर निवडलं होतंस ना, मग ते धरणार नाहीत कशावरून? आम्ही दोघींनी विचारलं नाही. आम्हाला ते सुचलंच नाही. मी जन्मभर बघितलं होतं की आल्टरमध्ये पडलेला पीस मालात धरत नाहीत, तिने जन्मभर बघितलं होतं की होल्डमधली बाटली पासमध्ये धरत नाहीत. मग कंप्युटर धरेल होय? आम्ही दोघी त्या मिठाईवाल्याच्या छपराखाली बसलो आणि आमच्या आम्हीच तिला नापास करून टाकलं. 

रिक्षात मी तिला म्हटलं की नरेंद्रला इतक्यात काही सांगू नकोस, उगाच जिवाला घोर. रात्री तो ड्युटीवरून आला तेव्हा ती त्याला म्हणाली, पेपर ठीक गेला. तो खूश होऊन झोपला. मग मी तिला एकटीला गाठून समजावलं. म्हटलं, हे बघ, झालं ते झालं. सुपरवायझरचं काही वाईट नाही. टेबल मिळतंय, मान मिळतोय, डोळ्यांना आराम मिळेल. मॅडमना हो सांगून मोकळी हो. पुन्हा असं मागून येत नाही कोणी. तिने ऐकून घेतलं. काही दिवसांनी मी विचारलं, मॅडमना सांगितलंस का? ती म्हणाली, सांगितलं. मी पुढे काही विचारलं नाही. दुखऱ्या जागेवर बोट कशाला ठेवायचं.

तो महिना मला फार वाईट गेला. मी तिच्यासाठी सुकट केली, तांदळाची भाकरी केली, पुरणाची पोळी केली, ती सगळं जेवायची आणि मलाच घास उतरायचा नाही. त्यात ही चहा घेऊन पुन्हा जिन्यात जाऊन बसायला लागली. एकदा वर जाऊन बघते तर मांडीवर तेच कायद्याचं पुस्तक.  म्हटलं, आता कशाला गं बाई? तर म्हणाली, खाली उकडतं, वाऱ्याला बसते. मला वाटलं पोरीने मनाला लावून घेतलंय. पायलला सांगून ठेवलं की आईला उलट बोलू नकोस. नरेंद्र मात्र शीळ घालत फिरायचा, त्याला वाटत होतं पेपर ठीक गेलाय. त्याची ती शीळ मला सहन व्हायची नाही.

निकाल लागला तेव्हा दुपार होती. संजीवनी नुकतीच कामावरून आली होती. पायल मोबाईल घेऊन बसली होती, आत कुठेतरी गोल गोल फिरत होतं. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, म्हणजे आवाज करत होते, ऐकायला नको म्हणून. आणि पायल म्हणाली, "मम्मी, ब्याण्णव पर्सेंटाईल."

मी नळ बंद केला.  संजीवनीने मोबाईल घेतला, खिडकीपाशी उजेडात गेली आणि नाव बघितलं, नंबर बघितला, जन्मतारीख बघितली, फोटो बघितला. पुन्हा नाव बघितलं. मग म्हणाली की काहीतरी चूक आहे, हे माझं नसणार. पायल म्हणाली, फोटो तुझा, नाव तुझं, मग काय माझं आहे का? गेल्या वर्षी त्या कॉलेजात यापेक्षा कितीतरी कमीवर नंबर लागले होते, तेही पायलनेच शोधून दाखवलं. तरी आम्हा दोघींना पटेना. दोघी तिथे उभ्या, जणू दुसऱ्याचं पार्सल आपल्या दारात आलंय.

शेवटी मीच म्हटलं, भावनाला लाव फोन. तिला स्पीकरवर घेतलं. तिचा निकाल पण चांगला आला होता. संजीवनीने तिला सगळं सांगितलं, हिरवे किती, जांभळे कसे राहिले, सगळं. भावना हसायला लागली. म्हणाली, "ताई, उत्तर निवडून जांभळं केलं असेल तर ते धरतात. सुरुवातीच्या सूचनांतच लिहिलेलं असतं. मला पेपरच्या दिवशी विचारलं असतंत तर तिथंच सांगितलं असतं."

विचारलं असतंत तर! ती पोरगी माझ्यासमोरून हात हलवून गेली होती. माझा जीव असा भांड्यात पडला की मी ओट्याला धरून खालीच बसले. फरशी गार होती. मी तिथेच बसून हसत होते, डोळे पुसत होते, आणि पायल मम्मीला म्हणत होती आजीला पाणी दे. एवढी हलकी मी कधी झाले होते मला आठवत नाही. संजीवनी अजून खिडकीतच होती, पण तिचे खांदे खाली आले होते. किती दिवस ती ते वर ओढून चालत होती ते मला तेव्हा दिसलं.

आणि तेवढ्यात मला आठवलं. सुपरवायझर. मीच तिच्या मागे लागून तिला हो म्हणायला लावलं होतं, ऑर्डर निघाली असणार, जुलैपासून फिरती पाळी, आणि सकाळचं कॉलेज गेलं बोंबलत. मी तशीच फरशीवरून म्हटलं की अगं, आता मॅडमचं काय करायचं, उद्या सकाळी जा आणि हातापाया पड त्यांच्या, म्हणावं सासूचं ऐकलं, चूक झाली.

ती म्हणाली, "आई, मी त्यांना नाही म्हणून सांगितलंय."

"कधी?"

"पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी."

मला कळेना मी काय ऐकतेय. पेपरच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे होल्डमधले राहिले हे माहीत असताना. आपण आपटलो याची पक्की खात्री असताना ही बया कायमची ऑर्डर नाकारून घरी आली, आणि मी केलेल्या पुरणाच्या पोळ्या खात बसली. मी म्हटलं, तुझं डोकं ठिकाणावर होतं का?

तिने नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाली, "पेपर बिघडला होता, आई. वकील व्हायचं कुठे बिघडलं होतं? हो म्हटलं असतं तर फिरत्या पाळीमुळे पुढच्या वर्षी नंबर लागूनही कॉलेजला जाता आलं नसतं."

म्हणजे जिन्यात ती वाऱ्याला बसत नव्हती. पुढच्या वर्षीचा अभ्यास करत होती. मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलंस, माझा जीव का टांगून ठेवलास? ती म्हणाली, तुम्ही ओरडला असतात.

ओरडलेच असते. आणि तेव्हा राहिलं होतं म्हणून आता ओरडून घेतलं. उठून उभी राहिले आणि मनसोक्त ओरडले. घोडीएवढी झालीस तरी अक्कल नाही, सासूला काही किंमत आहे की नाही, महिनाभर मला घास गेला नाही, तोंड शिवलं होतं का तुझं, सगळं बोलून घेतलं. ओरडता ओरडता मला इतकं बरं वाटत होतं की मी थांबेचना. ही बाई नापास झाली असती तरी थांबणार नव्हती, मग मी कशाला घाबरत होते? संजीवनी ऐकत उभी होती आणि हसता हसता रडत होती, आणि मी तिच्या दंडाला घट्ट धरून ओरडत होते.

शेजारच्या मालिनीताई दार ढकलून आत आल्या. सासूसुनेचं एवढं कडाक्याचं भांडण आमच्या घरातून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी घाबरून विचारलं, गयाताई, झालंय तरी काय?

मी म्हटलं, "काही नाही. सून कॉलेजला जाणार आहे."